आगबोटीच्या नोंदवहीतला शब्द

मी एका बाईंना एक शब्द खोटा वाचून दाखवला. इंग्रजी चार अक्षरांचा शब्द होता, अक्षर वळणदार पण स्वच्छ होतं, आणि मला तो नीट कळला होता. पुढे जे झालं त्याला हा एक शब्द पुरला.

त्या बाई मला भेटल्या ब्रॉसार्डमध्ये, घराजवळच्या वाचनालयात. आम्ही पुण्याहून आधी विनिपेगला आलो होतो आणि मग नवऱ्याच्या नोकरीमुळे मॉन्ट्रियलच्या या बाजूला. विनिपेगमध्ये माझी सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी बरी चालली होती. इथे आल्यावर प्रत्येक इंटरव्ह्यू पहिली दहा मिनिटं इंग्रजीत झकास व्हायचा, मग पलीकडचा माणूस सहज फ्रेंचमध्ये शिरायचा आणि मी हसऱ्या चेहऱ्याने बसून राहायचे. सात-आठ ठिकाणी असं झाल्यावर मी अप्लाय करणं थांबवलं आणि वाचनालयातल्या फ्रेंच संभाषणाच्या वर्गाला नाव घातलं.

वर्ग घेणाऱ्या बाई सत्तरीच्या होत्या. वृद्धांच्या निवासात आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना मादाम म्हणायचे. जाड स्वेटर, आखूड कापलेले पांढरे केस, आणि स्वेटरच्या गळ्यातून मधूनच दिसणारी काळ्या मण्यांची पोत. ती पोत मला चमत्कारिक वाटली होती, पण विचारणार कसं? पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपण कुठून आलो ते सांगायचं होतं. मी सांगितलं. वर्ग संपल्यावर त्या माझ्या खुर्चीपाशी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तू मराठी? मी पन मराठीच."

त्या मॉरिशसच्या होत्या. त्यांच्या आधीच्या चार पिढ्या तिथे उसात राबल्या होत्या. फ्रेंच येत होतं म्हणून अठ्ठाविसाव्या वर्षी त्या मॉन्ट्रियलला आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यांचं मराठी म्हणजे आरत्या, जाखडीच्या नाचाची दोन-तीन गाणी, आणि घरातले शंभर-दोनशे शब्द. त्यात 'तुम्ही' नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही त्या पहिल्या भेटीत 'तू काय करतंस' म्हणाल्या. बाकी आमचं बोलणं अर्धं इंग्रजीत आणि मला जमेल तेवढं फ्रेंचमध्ये चालायचं. महिन्याभरात मी त्यांना मावशी म्हणायला लागले. त्यांना ते फार आवडलं.

त्या वर्षी गणपतीत मी मावशींना इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला घेऊन गेले. भाड्याचा हॉल, जेवणाची रांग, सगळे पुण्या-मुंबई-नागपूरचे आयटीवाले. मावशींनी हिरवी साडी नेसली होती आणि आरत्या पुस्तकाशिवाय म्हटल्या. नंतर चारचौघांत त्या सांगू लागल्या, "माजा बापूस बोलायचा, आमी आगबोटीतनं आलो." कोणीतरी "वा वा, भाषा टिकवलीत," असं म्हणालं. त्या ताट घ्यायला पुढे गेल्यावर माझ्या शेजारच्या बाईने "माजा बापूस" असं त्यांच्या आवाजात म्हणून दाखवलं. मी हसले. मावशी चार माणसं पुढे उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं की नाही मला माहीत नाही. नसावं, असं मी धरून चालले.

त्याच आठवड्यात मावशींनी मला काम सांगितलं. त्यांना ती आगबोट शोधायची होती.

त्यांच्या घरात चालत आलेली हकीकत एवढीच होती: खापरपणजोबा मुंबईहून आगबोटीने आले. बरोबर बायको होती, ती वाटेत वारली. गाव रत्नागिरीकडचं. वडिलांच्या तोंडी गावाचं नावही होतं, पण ते इतकं झिजलेलं की नकाशात सापडेना. "तू तिकडची. तुला कान आहे," मावशी म्हणाल्या. "आणि कॉम्प्युटरवर तुझा हात चालतो."

दर शनिवारी सकाळी त्या बस बदलून आमच्याकडे यायच्या. डब्यात मॉरिशसची डाळपुरी असायची. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी लॅपटॉप उघडायचे आणि आम्ही जुन्या बंदरांच्या बातम्या, जहाजांच्या याद्या, स्कॅन केलेली फिकट पानं वाचत बसायचो. माझी लेक तेव्हा चौदा वर्षांची होती. ती मधूनच येऊन "Any luck?" विचारायची आणि डाळपुरी उचलून खाली बेसमेंटमध्ये जायची. मला खूप दिवसांनी कशाचा तरी उपयोग होतोय असं वाटत होतं. शोधणं मला जमतं. त्या हिवाळ्यात नोकरीचा विषय मी डोक्यातून काढूनच टाकला होता.

मावशींकडे खापरपणजोबांचा नंबर होता. मजूर म्हणून उतरलेल्या प्रत्येकाला नंबर मिळायचा आणि तो घराण्यात देवाच्या नावासारखा पाठ व्हायचा. त्या नंबराच्या आसपासची माणसं कोणत्या जहाजातून आली ते काढत काढत आम्ही एका जहाजापर्यंत पोचलो. एका इंग्रज बाईचं नाव असलेलं जहाज. दोन महिने आम्ही त्याच्यामागे होतो. त्याचं वजन, मालक, कप्तान, सगळं मिळालं. फक्त ते शिडाचं जहाज होतं.

मी म्हटलं, "मावशी, घरातली आठवण चुकलेली असेल. शिडाच्या जहाजालाही लोक आगबोट म्हणत असतील."

"न्हाय," त्या म्हणाल्या. मग फ्रेंचमध्ये समजावलं. त्यांचे वडील सांगायचे की खापरपणजोबांच्या पायावर भाजल्याचा डाग होता, जहाजातल्या गरम नळीचा. "शिडाला गरम नळी असते का?"

नसते. मी पुन्हा शोधायला बसले. जवळजवळ त्याच नावाचं दुसरं जहाज सापडलं, नावात एक अक्षर कमी असलेलं. त्याला शिडंही होती आणि मधोमध धुराडंही. जहाजाचं एक रेखाचित्र मिळालं, ते मी मोठं करून छापलं. मावशींनी धुराड्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, "बापूस खोटं न्हाय बोलला."

आता मूळ नोंदवहीचं पान हवं होतं. मॉरिशसमध्ये मावशींचा भाचा होता. त्याने तिथल्या दप्तरखान्यात दोन खेपा घातल्या, वही काढायला लावली आणि फोनवर पानाचा फोटो काढून पाठवला. फोटो आला तेव्हा शनिवार होता आणि मावशी माझ्याच टेबलाशी बसल्या होत्या. चष्म्यातून त्यांना ते बारीक अक्षर लागेना. त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. "वाच."

मी वाचत गेले. नंबर. नाव. वडिलांचं नाव. वय चोवीस. उंची. डाव्या पायावर भाजल्याची खूण. वही मुंबईत चढताना भरलेली, नंबर तेवढा उतरल्यावर घातलेला, म्हणजे तो डाग आधीचाच होता. गरम नळीची गोष्ट नंतर कोणीतरी जोडली असणार. मावशी यावर हसल्या. म्हणाल्या, "नळी खोटी, पण आगबोट खरी." गावाचं नाव इंग्रजी कारकुनाने वाकडंतिकडं लिहिलं होतं, तरी मला ते लगेच ओळखू आलं. मी ते मोठ्याने म्हटलं आणि मावशींनी डोळे मिटले. "हां," त्या म्हणाल्या, "हेच. बापूस असंच बोलायचा."

आणि मग जातीचा रकाना होता. वरच्या ओळींत एकाच्या पुढे कुणबी, दोघांच्या पुढे मराठा, तेही पूर्ण लांबलचक इंग्रजी स्पेलिंगने. खापरपणजोबांच्या पुढे चार अक्षरं. एम, एच, ए, आर. म्हार.

त्याच क्षणी मला त्यांच्या नावाचाही उलगडा झाला. नावाच्या शेवटी 'नाक' होतं. मावशींच्या आडनावातही तोच आवाज होता, फ्रेंच लोकांनी आपल्या पद्धतीने लिहिलेला. इतके महिने मी तो ऐकत होते आणि मला तो क्रिओल वाटत होता. कोकणात पूर्वी महारांच्या नावापुढे नाक लागायचं, हे मला माहीत होतं.

तेव्हा माझ्या मनात काय आलं ते मला लिहिलंच पाहिजे. नाही तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मला आमचं देवघर आठवलं. सहा महिन्यांपूर्वी गणपतीत घरी मावशींनी समई लावली होती. माझ्या आईने दिलेली समई. मीच त्यांना म्हटलं होतं, तुम्ही मोठ्या, तुम्ही लावा. ते चित्र डोळ्यांपुढे आलं आणि आत कुठेतरी बारीक खटकलं. एक सेकंद असेल. मी लगेच स्वतःला झापलंही. मी जात मानत नाही असं मी आयुष्यभर सांगत आले होते, आणि मला ते खरं वाटत होतं. पण ते खटकणं माझंच होतं. दुसऱ्या कोणी माझ्या डोक्यात घातलं नव्हतं, निदान त्या क्षणी तरी नाही.

मावशी फोटो बोटांनी मोठा करून विचारत होत्या, "इथे काय लिवलंय? म-ह-र?"

"मराठा," मी म्हटलं. "लहान करून लिहिलंय."

"वर तर अख्खं लिवलंय."

"कारकून कंटाळला असेल," मी म्हटलं.

त्या हसल्या. दिवसभर माणसं मोजून मोजून कोणीही कंटाळेल, असं काहीतरी त्या म्हणाल्या. मी चहा ठेवायला उठले.

त्या रात्री मी स्वतःला पटवलं की मी हे त्यांच्यासाठी केलं. मॉरिशसमध्ये सगळे नुसते मराठी असतात, त्यांना या घाणीत कशाला ओढायचं? मंडळातल्या लोकांना कळलं तर ते वरून गोड बोलतील आणि मागून काय म्हणतील, हे मला ठाऊक होतं. मी सगळी कारणं दुसऱ्यांच्या नावावर टाकली. लेकीने पान पाहून "What's Mhar?" विचारलं तेव्हा तिलाही मी तेच सांगितलं. तिने मान डोलावली. आपली आई शोधण्यात हुशार आहे, हे तिला माहीत होतं.

पुढे ते वाढतच गेलं. मंडळाने पुढच्या कार्यक्रमात एक भिंत प्रदर्शनासाठी दिली. मी मावशींचा मोठा फलक केला: जहाजाचं रेखाचित्र, गावाचा नकाशा, आणि मजकुरात 'रत्नागिरी जिल्ह्यातील मराठा घराण्यातील' असे शब्द. नोंदवहीच्या पानाचा फोटो मी मुद्दाम इतका लहान लावला की वाचता येऊ नये. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशींचा सत्कार झाला. आदल्या वर्षी नक्कल करणारी बाई आता त्यांच्यासोबत फोटो काढून घेत होती. मीही त्या फोटोत आहे.

जानेवारीत मावशी भारतात गेल्या, आयुष्यात पहिल्यांदा. गुडघे दुखत होते, तरी एकट्याच गेल्या. त्यांच्यासाठी मी एका कागदावर मराठीत लिहून दिलं होतं: आमचे पूर्वज या गावचे, अमुक नावाचे, मराठा, कोणाला माहिती असल्यास कृपया सांगावे. रत्नागिरीहून त्यांनी गाडी केली. गाडीवाल्याशी तोडक्यामोडक्या हिंदीत बोलायच्या. मला त्यांचे दोन मेसेज आले. एकात भाताच्या कापलेल्या शेतांचा फोटो होता. दुसऱ्यात एवढंच होतं की लोक चांगले आहेत, पण नाव कोणाला माहीत नाही.

मॉन्ट्रियलला परत आल्यावर दुसऱ्याच शनिवारी त्या आमच्याकडे आल्या. बाहेर बर्फाचे ढीग होते, मी सकाळीच ड्राइव्हवे शोव्हल करून ठेवला होता. त्या दमलेल्या दिसत होत्या. कोट काढायच्या आधीच त्यांनी फोन काढला.

"मी व्हिडिओ घेतलाय. गाडीवाला बोलला, कोणाला काय माहीत न्हाय. पन म्हातारा बरंच बोलत होता. तू ऐक."

व्हिडिओत देवळाची पायरी होती. त्यावर एक वयस्कर गृहस्थ बसले होते, टोपी घातलेले. त्यांच्या हातात मी लिहिलेला कागद होता. ते तो डोळ्यांजवळ धरून वाचत होते. मग त्यांनी मान हलवली आणि शांतपणे म्हणाले, "काहीतरी गफलत आहे. हे नाव आमच्यातलं नाही. अशी नावं पूर्वी बौद्धवाडीत असायची. बाईंना तिकडे घेऊन जा, पऱ्ह्याच्या पलीकडे. दहा मिनिटं पण नाहीत."

गाडीवाल्याचा आवाज आला, "कागदावर मराठा लिहिलंय ना?"

"लिहिलंय खरं," म्हातारा म्हणाला. "ज्यानं लिहिलं त्याला विचारा."

मग व्हिडिओ हलला. मावशींनी फोन फिरवून गावाचं दृश्य घेतलं होतं. ओढ्यापलीकडे घरं दिसत होती, एका इमारतीवर निळा झेंडा. मागून मावशींचा आवाज येत होता, फ्रेंचमध्ये: किती सुंदर.

व्हिडिओ संपला. मावशी माझ्याकडे बघत होत्या. "काय बोलला तो?"

मी दुसरं काहीही सांगू शकले असते. ते माझ्या मनात आलंही. तिथे मराठी कळणारं माझ्याशिवाय कोणी नव्हतं, लेक वर झोपली होती. पण तसं केलं नाही. मी व्हिडिओ परत लावला, आणि दुसऱ्यांदा तो म्हातारा 'ज्यानं लिहिलं त्याला विचारा' म्हणाला तेव्हा मी तो थांबवला.

"मावशी, मी तुम्हाला खोटं सांगितलं," मी म्हटलं.

मी सगळं इंग्रजीत सांगितलं. मराठीत सांगायची माझी हिंमत नव्हती. तो शब्द काय होता, त्याचा अर्थ काय, त्या माणसांना आमच्यासारख्यांनी कसं वागवलं, आणि मग बौद्धवाडी म्हणजे काय. मावशींना जात म्हणजे काय ते अर्थातच माहीत होतं. फक्त आपल्या घराचा त्याच्याशी काय संबंध, हे त्यांना कोणी कधी सांगितलं नव्हतं.

"मी दोन दिवस त्या गावात होते," त्या शेवटी म्हणाल्या. "ती घरं मला दिसत होती."

"हो."

"तुला वाटलं मला हे झेपणार नाही?"

मी हो म्हणणार होते. त्यात माझी थोडी सुटका होती. पण त्यांच्या तोंडाकडे बघून ते जमलं नाही. "नाही," मी म्हटलं. "मला झेपलं नाही."

मग मी त्यांना समईचंही सांगितलं. का सांगितलं कळत नाही. सांगायला नको होतं, असं मला अजून कधीकधी वाटतं. त्यांना दुखावण्यापलीकडे त्याचा उपयोग नव्हता, आणि कदाचित मला फक्त स्वतःला हलकं करायचं होतं. ते ऐकल्यावर त्या उठल्या. कोट अजून अंगातच होता. मी गाडीने सोडते म्हणाले, त्या बसने गेल्या.

पुढचे कितीतरी महिने त्या शनिवारी आल्या नाहीत. मी वर्गाला जात राहिले. न जाणं जास्त वाईट दिसलं असतं. वर्गात त्या माझ्याशी नीट बोलायच्या, चुका दुरुस्त करायच्या. फक्त मला आता 'तू' ऐवजी 'व्हू' म्हणायच्या, फ्रेंचमधलं 'तुम्ही'. पुन्हा मुलाखती देण्यापुरतं फ्रेंच त्याच वर्गात तयार झालं आणि एप्रिलमध्ये मला नोकरीही लागली. त्यांना हे सांगताना मला तोंड वर करता आलं नाही. त्या म्हणाल्या, "अभिनंदन. तुमचे उच्चार सुधारलेत."

लेकीला सांगणं मी पुढे ढकलत होते. एकदा कारमध्ये सांगितलं, समोर बघत, म्हणजे तिच्याकडे बघावं लागू नये. ती म्हणाली, "But you told me too." मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "I wrote it in my school thing." मला ते माहीतच नव्हतं. शाळेतल्या निबंधात तिने मावशींची गोष्ट लिहिली होती, मराठा शब्दासकट. तिने दुसऱ्या दिवशी शिक्षिकेला स्वतःच सांगून ते बदललं. काय कारण सांगितलं ते मी विचारलं नाही.

मावशींचा फोन शरद ऋतूत आला, ऑक्टोबरमध्ये. "मला त्या वाडीशी बोलायचंय," त्या फ्रेंचमध्ये म्हणाल्या. "माझं मराठी पुरणार नाही. तुम्ही बोला." मी होकार दिला. "आणि मी जानेवारीत तिकडे का गेले नाही, ते त्यांना तुम्हीच सांगायचं."

मी चार दिवस फोन करत होते. ग्रामपंचायतीतून एक नंबर मिळाला, त्यांच्याकडून दुसरा, असं करत वाडीतल्या एका निवृत्त शिक्षकांपर्यंत पोचले. रविवारी सकाळी मावशी आमच्याकडे आल्या. तिकडे संध्याकाळ झाली होती. फोन टेबलावर मध्ये ठेवला, आवाज मोठा करून.

मी सांगायला सुरुवात केली. मॉरिशस, आगबोट, नाव, गाव. गुरुजी मधूनमधून "हं" म्हणत होते. नाव ऐकल्यावर ते म्हणाले, "बरोबर. आमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत अशी नावं होती. मग आम्ही टाकली ती."

"या बाई जानेवारीत गावात येऊन गेल्या," मी म्हटलं. "पण तुमच्या वाडीत आल्या नाहीत. कारण त्यांना मी चुकीचं सांगितलं होतं. कागदावर महार लिहिलेलं होतं, मी मराठा म्हणून सांगितलं."

त्यांनी विचारलं, "चुकून?"

"नाही. मुद्दाम."

"तुम्ही कुठल्या?"

"पुण्याची."

"आडनाव काय?"

मी सांगितलं. हा प्रश्न मी आयुष्यात शेकडो वेळा ऐकला असेन. उत्तर देताना कधी विचार करावा लागला नव्हता. गुरुजी एवढंच म्हणाले, "असं होय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. आश्चर्यही नव्हतं. मला तेच सगळ्यात जड गेलं.

मग ते म्हणाले, "आमच्यात एक आजी होत्या. नव्वदीच्या पुढच्या. कोण कोणाचा, कोण कुठे गेला, सगळं त्यांना पाठ. बोटीवर गेलेल्या एकाचं त्या सांगायच्या, आम्ही पोरं ऐकून न ऐकल्यासारखी करायचो. गेल्या श्रावणात गेल्या त्या. जानेवारीत चांगल्या होत्या, अंगणात बसायच्या."

मावशींना 'आजी' आणि 'गेल्या' एवढं कळलं असावं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ते इंग्रजीत सांगितलं, एकही शब्द न गाळता.

"आता बाईंना द्या फोन," गुरुजी म्हणाले.

मावशींनी फोन हातात घेतला, अजून आवाज मोठाच होता. "मी मराठी," त्या म्हणाल्या. "माजं मराठी वाईट."

"कळतंय की सगळं," गुरुजी म्हणाले. "बोला ताई."

त्यांचं बोलणं वीस मिनिटं चाललं. कुठे अडलं तरी मावशींनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी ओट्यापाशी उभी राहून नळाखालच्या दोन कपांकडे बघत होते.

फलकाचं राहिलं होतं. मी मंडळाच्या कार्यकारिणीला मेल लिहिली. फलकात काय चुकीचं होतं, मूळ शब्द काय होता, आणि ती चूक मी जाणूनबुजून केली होती. तीस-पस्तीस लोकांना ती गेली. दोन उत्तरं आली. एकात लिहिलं होतं की एवढ्या जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या, इथे कोण जात बघतं? दुसरं एका तरुण मुलीचं होतं, नागपूरहून शिकायला आलेल्या. तिने लिहिलं होतं, 'मी त्या कार्यक्रमात होते. फलकावरचं नाव बघून तुमच्या मावशींशी बोलायला येणार होते, पण पुढे मराठा घराणं वाचून आले नाही.' मी तिला उत्तर लिहायला तीन वेळा बसले. शेवटी माफी मागितली आणि मावशींचा वर्ग कधी असतो ते कळवलं. आता ती तिथे जाते.

गेल्या डिसेंबरमध्ये मावशी पुन्हा गेल्या, या वेळी भाच्याला घेऊन. मी येऊ का, असं विचारलं होतं. "या वेळी नको," त्या म्हणाल्या. वाडीत चार दिवस राहिल्या. एका घरातले लोक म्हणतात की तो माणूस आमच्यातलाच, पण पुरावा कोणाकडेच नाही, आणि सांगू शकल्या असत्या त्या आजी आता नाहीत. हे सगळं त्यांनी मला फोनवर थोडक्यात सांगितलं. मी विचारलं, फोटो दाखवाल का?

"दाखवीन कधीतरी," त्या म्हणाल्या.

या गोष्टीला आता तीन महिने झाले. मी पुन्हा विचारलेलं नाही.